जुन्या भाताची नवी बाजारपेठ : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातून

ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीतील वसंत विहार आणि मुंबईतील वांद्रे येथे मॅकडोनाल्ड्स या अमेरिकी कंपनीची भारतातील पहिली उपाहारगृहे सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी केंटकी फ्राईड चिकनने बंगळूरमध्ये दुकान थाटले होते आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी त्याची मोडतोडही केली होती. परकीय उपाहारगृहांच्या या साखळ्या आपले अन्न गिळंकृत करणार, अशी भीती त्या वेळी अनेकांनी व्यक्त केली. आज तीस वर्षांनंतर नेमके उलटे ऐकू येते. या साखळ्यांचे दिवस संपले, लोक आजीच्या हातच्या जेवणाकडे वळले, असे सांगितले जाते.

दोन्ही विधाने अतिशयोक्त आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये मॅकडोनाल्ड्सने जितकी दुकाने उघडली त्यापेक्षा जास्त बंद केली. कित्येक दशकांत असे प्रथमच घडले. भारतात २०१७ मध्ये भागीदारांमधील वादामुळे उत्तर आणि पूर्व भागातील १६९ दुकानांचा परवाना या कंपनीने रद्द केला. २०२३-२४ या आर्थिक वर्षात अशा साखळ्या चालविणाऱ्या आपल्याकडील अनेक सूचिबद्ध कंपन्यांची जुन्या दुकानांतील विक्री घटली. परंतु त्याच वर्षी त्यांनी नवी दुकानेही उघडली. ओसरले आहे ते या अन्नाभोवतीचे नावीन्याचे वलय. बर्गर खाणे ही आता मिरविण्याची गोष्ट राहिलेली नाही आणि त्या मिरविण्याच्या जागी दुसरे काहीतरी आले आहे. इटलीत १९८६ मध्ये रोमच्या एका ऐतिहासिक चौकात मॅकडोनाल्ड्स येऊ घातले तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध केला व त्यातून ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. आपल्याकडे या प्रवृत्तीचे सर्वांत ठळक रूप पाहावयाचे असेल तर शहरांतील उपाहारगृहांपेक्षा तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिणम या जिल्ह्यांतील भातशेतीकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. तेथे जुन्या अन्नाची ओढ एका पिकाच्या रूपाने शेतात उगवते आहे, आणि तिची किंमत कोण मोजतो हेही तेथेच स्पष्ट दिसते.

भाताचा प्रदेश

मराठी वाचकास तंजावर परके नाही. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास येथे स्थापन केलेली सत्ता १८५५ पर्यंत टिकली. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदांचे गठ्ठे आहेत, आणि सरफोजी राजांच्या (दुसरे, १७९८ ते १८३२) मुदपाकखान्यातील पाककृतींचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा ग्रंथही या ग्रंथालयाने प्रसिद्ध केला आहे. सांबार हे नाव संभाजीवरून पडले ही कथा येथे आवडीने सांगितली जाते. तिला ठोस पुरावा नाही. मराठी मनाला ती सुखावते, इतकेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे छत्रम. रामेश्वरच्या वाटेवर मराठा राजांनी बांधलेल्या या अन्नछत्रांपैकी ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रम सरफोजी राजांच्या काळातील आहे. या छत्रांचे उत्पन्न ताब्यात घेऊ नये म्हणून १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला जे पत्र लिहिले, त्यात सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि लहान मुलांना दूध दिले जात असल्याचे नमूद आहे. एवढे अन्नदान शक्य होते, कारण येथे भात अमाप पिकत असे.

तो पिकण्यामागे कावेरीचे पाणी होते. करिकाल चोळाने बांधला असे मानले जाणारे कल्लणै धरण या पाण्याची वाटणी करते. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि १२ जून हा धरणाचे दरवाजे उघडण्याचा प्रघाताचा दिवस ठरला. जूनमध्ये पेरावयाचे कमी मुदतीचे पीक म्हणजे कुरुवै, त्यामागून घ्यावयाचे ताळडी, आणि ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत शेतात उभे राहणारे लांब मुदतीचे सांबा, असे येथील पिकांचे गणित आहे. ज्याच्या शेतास पाणी वेळेवर मिळते तो दोन पिके घेतो. कालव्यांच्या शेपटाकडील शेतकऱ्यास बहुधा एका सांबावरच समाधान मानावे लागते. हा भेद पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

जुने वाण का गेले?

माप्पिळ्ळै सांबा, करुप्पु कवुनी, तूयमल्ली, सीरग सांबा, काट्टुयानम, पूंगार ही नावेच मोहक आहेत. माप्पिळ्ळै म्हणजे जावई. हा तांबडा भात खाऊन वराने जड दगड उचलून दाखवावा, अशी आख्यायिका आहे. काट्टुयानम इतका उंच वाढतो की त्यात हत्ती लपावा, असे म्हणतात. सीरग सांबाचा दाणा जिऱ्यासारखा बारीक असतो. हे सर्व वाण पन्नास-साठ वर्षांत मागे पडले, आणि ते कोणाच्या मूर्खपणामुळे नव्हे.

१९६०-६१ मध्ये सधन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी देशातील जे पहिले सात जिल्हे निवडले गेले, त्यांत तंजावर होता. देशात अन्नधान्याची तूट होती आणि अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर आपण अवलंबून होतो. १९२२ पासून कार्यरत असलेल्या आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने साठच्या दशकाच्या मध्यात जपानी आणि भारतीय वाणांच्या संकरातून एडीटी २७ हा वाण दिला. तो सुमारे १०५ दिवसांत तयार होत असल्याने कुरुवै आणि ताळडी अशी दोन पिके निर्वेधपणे घेता येऊ लागली. पुढे १९८६ मध्ये पांढरा पोन्नी आला. पोन्नी हे कावेरीचेच तमिळ नाव. आज चेन्नईतील मध्यमवर्गीय ज्याला ‘आपला नेहमीचा तांदूळ’ म्हणतो, तो हा पोन्नी मुळात मलेशियातून आलेल्या माहसुरीपासून निघालेला आहे. स्मरणरंजनाची स्मृती किती अल्प असते, याचे हे चांगले उदाहरण होय.

जुन्या काळाविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सध्या ज्या ‘साध्या अन्ना’चे गोडवे गायले जातात ते येथे प्रामुख्याने ‘पळैय सोरु’ आहे. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवावे, सकाळी तो किंचित आंबला म्हणजे ताक, मीठ, छोटा कांदा आणि हिरवी मिरची यांबरोबर खावा. आपल्याकडील कोकणातील पेज किंवा शिळ्या भाताचाच हा भाऊबंद. चव उत्तम, पोटास थंडावा देणारा, आणि आंबविण्याच्या क्रियेमुळे पोषणदृष्ट्याही चांगला. परंतु शेतमजुराच्या घरी तो आवडीने नव्हे तर दुसरे काही नसल्यामुळे खाल्ला जात असे. मजुरी भाताच्या मापांत मिळे आणि त्या मापाच्या वाढीवरून या प्रदेशात दीर्घकाळ संघर्ष झाला. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी मजुरीवाढ मागणाऱ्या दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत आश्रय घेतलेली ४४ माणसे जाळली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. त्या घरांतील वंशजांना ‘आजीच्या काळचे साधे जेवण’ या शब्दांत काय ऐकू येत असेल, याचा विचार शहरातील ग्राहकाने एकदा तरी करावा.

बियाण्यांची परतफेड

जुन्या वाणांचा शोध घेण्याचे श्रेय दोन व्यक्तींकडे जाते. तंजावर जिल्ह्यात १९३८ मध्ये जन्मलेले जी. नम्माळवार हे कृषी पदवीधर. साठच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी कोविलपट्टी येथील शासकीय संशोधन केंद्रात काही वर्षे काम केले, ते सोडले आणि उर्वरित आयुष्य सेंद्रिय शेतीच्या प्रसारात घालविले. ३० डिसेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही ते त्रिभुज प्रदेशातील मिथेन वायू प्रकल्पाविरुद्ध गावोगाव फिरत होते. त्यांच्या प्रेरणेने तिरुत्तुरैपूंडीजवळील जयरामन यांनी देशी वाण गोळा करण्याचे काम हाती घेतले. तमिळमध्ये साळीला ‘नेल’ म्हणतात. लोकांनी त्यांना ‘नेल जयरामन’ हेच नाव दिले. आदिरंगम येथे २००६ च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या भात महोत्सवाचा नियम साधा होता : शेतकऱ्याने दोन किलो बियाणे न्यावे आणि पुढील वर्षी चार किलो आणून द्यावे. पैशाचा व्यवहार नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले तोवर सुमारे १७४ वाण त्यांच्या संग्रहात जमा झाले होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या नियमात सहकारी पतसंस्थेचे मूळ तत्त्व दिसेल. येथे व्याज शंभर टक्के असले तरी ते कोणालाही जड जात नाही, कारण एका किलो बियाण्यापासून मिळणारे उत्पादन त्याच्या कित्येक पट असते. आणि कर्जाची फेड हाच पुढच्या शेतकऱ्यासाठी भांडवलाचा पुरवठा होतो. शिवाय बियाणे दरवर्षी वेगवेगळ्या शेतांत पेरले गेल्याने एखाद्या गावी पूर आला तरी वाण नष्ट होत नाही. शीतगृहातील जनुकपेढीला हे साधत नाही. तमिळनाडू शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये सादर केलेल्या पहिल्या स्वतंत्र कृषी अंदाजपत्रकात जयरामन यांच्या नावाने देशी भात संवर्धन मोहीम जाहीर केली आणि शासकीय बीजक्षेत्रांवर या वाणांचे बियाणे तयार होऊ लागले.

एका एकराचा हिशेब

येथपर्यंतची कथा आनंददायक आहे. शेतकऱ्याच्या वहीत मात्र ती गुंतागुंतीची होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची केंद्राची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती आणि राज्याच्या प्रोत्साहन रकमेसह तमिळनाडूत ती २,५०० रुपये झाली. केवळ उदाहरणादाखल असे समजू की, सुधारित वाणाचे एकरी २४ क्विंटल आणि जुन्या वाणाचे १३ क्विंटल उत्पादन येते. सुधारित वाणाचे ६०,००० रुपये शासकीय खरेदी केंद्रावर जवळजवळ निश्चित मिळतात. जुन्या वाणास क्विंटलला ५,००० रुपये मिळाले तर ६५,००० रुपये होतात, आणि खते व औषधांवरील बचत ८,००० रुपये धरल्यास शेतकरी १३,००० रुपयांनी पुढे राहतो. परंतु यापैकी निम्माच माल या भावाने खपला आणि उरलेला स्थानिक व्यापाऱ्यास २,००० रुपयांनी द्यावा लागला, तर हाती ४५,५०० रुपये येतात. बचत मिळवूनही ६,५०० रुपयांची तूट पडते. थोडक्यात, या शेतकऱ्याचे भवितव्य भावापेक्षा खपावर अवलंबून आहे. भाव सर्वजण सांगतात, खपाविषयी कोणी बोलत नाही.

शासकीय खरेदी केंद्र ही या प्रदेशातील शेतकऱ्याची खरी विमा योजना आहे. आर्द्रता १७ टक्क्यांच्या आत असली की माल घेतला जातो. मात्र ही यंत्रणा पांढऱ्या तांदळासाठी उभारलेली आहे. सरकारी प्रमाणकात तांदळातील लाल दाण्यांच्या प्रमाणावर मर्यादा असल्याने तांबडा आणि काळा भात तेथे अडचणीचा ठरतो. म्हणजे जुना वाण पेरणारा शेतकरी विम्याबाहेर जातो.

दुसरी अडचण मुदतीची. माप्पिळ्ळै सांबा शेतात साडेपाच महिन्यांच्या आसपास उभा राहतो. दोन पिके घेणाऱ्या शेतकऱ्याने तो लावला तर एका पिकावर पाणी सोडावे लागते. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचे तसे नुकसान होत नाही, कारण त्याचे पीक एकच असते. खाऱ्या आणि पाणथळ जमिनीत काही जुने वाण तग धरतात, हाही त्याच्या बाजूने असलेला मुद्दा. २००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या किनारी शेतात समुद्राचे मीठ शिरले, तेव्हा या गुणाचे महत्त्व अनेकांना नव्याने पटले. जुन्या भाताची नैसर्गिक भूमी म्हणूनच शेपटाकडील गावे ही आहे, आणि तिरुत्तुरैपूंडीचा परिसर त्यातच मोडतो. चळवळ तेथे रुजली हा योगायोग नव्हे.

तिसरी अडचण क्वचितच चर्चेत येते. त्रिभुज प्रदेशातील बरीच जमीन देवस्थाने आणि मठांच्या मालकीची असून ती कुळे कसतात. अनेक ठिकाणी खंड भाताच्या पोत्यांत ठरलेला असतो. वाण कोणताही लावला तरी पोती तितकीच द्यावयाची असल्याने, कमी उत्पादनाच्या वाणात खंडाचा भार जवळजवळ दुप्पट होतो. उंच वाढणारे पीक वाऱ्यापावसात लोळते, लोळलेल्या पिकात कापणीयंत्र नीट चालत नाही आणि हाताने कापणारे मजूर मिळत नाहीत. पेंढा भरपूर मिळतो हे खरे. पण तो खाणारी गुरे गावात कमी होत चालली आहेत.

गिरणी, साठवण आणि नाव

प्रक्रियेच्या बाबतीत या प्रदेशाचा इतिहास बोलका आहे. कुरुवैची कापणी पावसात सापडते आणि ओला भात कुजतो. या समस्येवर उपाय शोधण्यासाठी १९६७ मध्ये तिरुवारूर येथे भात प्रक्रिया संशोधन केंद्र सुरू झाले. तेच पुढे तंजावरला गेले, त्याची कार्यकक्षा विस्तारत गेली आणि २०२१ पासून ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून ओळखली जाते. जुन्या भाताचा प्रश्न आता नेमका उलट आहे. त्यास मोठ्या गिरणीची चकाकी नको आहे. कोंडा राखलेला तांदूळ हवा, परंतु कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो आणि त्यास कीडही लवकर लागते. पाच-दहा पोती वेगळी भरडून देणारी लहान गिरणी गावाजवळ असावी लागते; मोठी गिरणी एवढ्या मालासाठी यंत्र साफ करून देत नाही. परिणामी माल मोठ्या शहरातील मध्यस्थाकडे जातो आणि ग्राहकाने मोजलेल्या किमतीतील मोठा वाटा पाकीट, साठवण आणि जाहिरात यांकडे वळतो.

आणि नाव? महाराष्ट्रात आंबेमोहोराचे जे झाले ते येथेही घडू शकते. १९८७ मध्ये आपल्याकडे आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी आला. तो उत्तम वाण आहे. पण आंबेमोहोर या नावाने बाजारात काय काय विकले जाते हे पुण्यातील कोणतीही जाणकार गृहिणी सांगेल. मुळशी आंबेमोहोर आणि आजरा घनसाळ यांना भौगोलिक निर्देशांक मिळाल्याने नावाचे कायदेशीर रक्षण झाले; पोत्यातील दाण्याची ओळख पटविण्याची सोय मात्र किराणा दुकानापर्यंत पोहोचलेली नाही.

स्मरणरंजनाचीही साखळी

कुंभकोणम हे त्रिभुज प्रदेशातील मंदिरांचे आणि कॉफीचे शहर. पाणी न घातलेल्या दुधाची कॉफी पितळी पेला-वाटीत देण्याची तेथील पद्धत ‘डिग्री कॉफी’ या नावाने ओळखली जाते. गेल्या दीड दशकात चेन्नईहून तिरुचिरापल्लीकडे जाणाऱ्या महामार्गावर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या फलकांची रांगच उभी राहिली. पितळी भांडी सारखी, फलकाची धाटणी सारखी, चव बहुधा सारखीच. जुन्या काळची आठवण ही गोष्ट साच्यात घालून कितीही ठिकाणी विकता येते, हे यावरून दिसते. म्हणजे बर्गरच्या साखळीचेच तंत्र. यात वाईट काही नाही, रोजगार निर्माण होतोच. फक्त कुंभकोणमच्या गवळ्याच्या वाट्याला त्यातले काय आले, हा प्रश्न उरतो.

स्वस्त आणि साध्या अन्नाची खरी व्यवस्था शासनाने केली, तीही पाहावी. फेब्रुवारी २०१३ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या अम्मा उपाहारगृहांत इडली एक रुपयास, दहीभात तीन रुपयांस आणि सांबारभात पाच रुपयांस मिळू लागला. १९९५ नंतर महाराष्ट्रात निघालेल्या एक रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. ती केंद्रे फार वर्षे टिकली नाहीत आणि त्यांच्या जागांचेच राजकारण अधिक झाले. तमिळनाडूत जून २०११ पासून शिधापत्रिकेवर महिन्याला २० किलोपर्यंत तांदूळ विनामूल्य मिळतो. ज्या मजुराच्या आजोबांना भाताच्या मापासाठी लढावे लागले, त्याच्या घरी आज भात आहे. तो पांढरा, चकचकीत भात आहे, आणि १४० रुपये किलोचा काळा कवुनी तो विकत घेणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तमिळनाडूतील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण १४.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. आता हा रोग केवळ सुखवस्तू वर्गाचा राहिलेला नाही. कोंडा राखलेल्या तांदळाचा उपयोग ज्यास सर्वाधिक व्हावा, त्याच्या ताटापर्यंत तो बाजाराच्या मार्गाने पोहोचण्याची शक्यता कमी आहे. (काळा भात खाल्ल्याने मधुमेह बरा होतो, असे पाकिटांवरील दावे ही वेगळी बाब. ताटातील भाताचे प्रमाण तेच राहिले तर दाण्याचा रंग फारसे काही करीत नाही.)

म्हणून या प्रश्नाकडे चवीच्या अंगाने न पाहता खरेदीच्या अंगाने पाहणे श्रेयस्कर वाटते. शेपटाकडील निवडक तालुक्यांत तांबड्या भातासाठी स्वतंत्र प्रमाणक ठरवून मर्यादित शासकीय खरेदी करता येईल. तो तांदूळ त्याच जिल्ह्यांतील शाळांच्या माध्यान्ह भोजनात आठवड्यातून एक-दोन दिवस देता येईल. तमिळनाडूस शालेय भोजनाचा दीर्घ अनुभव आहे. माल दोन-तीन महिन्यांत संपणार असल्याने खवटपणाचा प्रश्नही सौम्य होतो. लहान गिरण्या शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे सोपविता येतील. देवस्थानांच्या जमिनीवरील खंड पोत्यांऐवजी उत्पादनाच्या हिश्श्यात ठरविणे अधिक अवघड आहे, कारण त्यास राजकीय इच्छा लागते. खर्च किती येईल, हे हिशेब मांडून पाहण्याजोगे आहे. १३ क्विंटल आणि २४ क्विंटल यांतील फरक कोणीतरी भरून काढावयाचा आहे, आणि आजवर तो शेपटाकडील कुळाने स्वतःच्या खिशातून भरला आहे.